थकबाकीच्या यादीतील सॉर्टविषयीच्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

म्हापशातील आपल्या हार्डवेअरच्या दुकानासाठी घेतलेल्या आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरला आपण एकच तारा दिला आहे. नव्या आवृत्तीत कॉलमच्या शीर्षकावर क्लिक करून यादी सॉर्ट करता, म्हणजे हव्या त्या क्रमाने लावता येते खरी, पण थकबाकीचे आकडे उलटसुलट लागतात, एकूण रकमेची ओळ मध्येच जाऊन बसते, एका गिऱ्हाइकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले आणि यापेक्षा जुनी यादी बरी होती, असे आपण लिहिले आहे. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. जुनी यादी बरी होती, हे मात्र मला पटत नाही.

खात्याची चूक सर्वांत गंभीर, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. आपण शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत यादी थकबाकीच्या रकमेप्रमाणे लावली, चौथ्या ओळीवरील आसगावच्या ठेकेदाराचे नाव निवडले आणि ८,४०० रुपयांची पावती केली. ती शिवोलीच्या एका गिऱ्हाइकाच्या नावे निघाली. सॉर्ट केल्यावर फक्त पडद्यावरील ओळींचा क्रम बदलतो, आतली मूळ यादी जागची हलत नाही, आणि ते तसेच असायला हवे. परंतु पावतीच्या बटणाला आम्ही केवळ ‘चौथी ओळ’ एवढेच कळवत होतो आणि ते बटण मूळ यादीतील चौथी ओळ उचलत होते. पडद्यावरील ओळीवरून आतली ओळ शोधण्याची पायरी आमच्याकडून राहून गेली. आमचा प्रोग्रॅम जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे आणि जावात तक्त्यांच्या सॉर्टबरोबरच या पायरीची तयार सोय २००६ सालीच आलेली आहे, तेव्हा येथे सबबीला जागा नाही. चाचणीत ही चूक का सापडली नाही, हे सांगताना तर अधिकच संकोच वाटतो: आमच्या चाचणीच्या यादीत जेमतेम दहा नावे होती आणि ती मुळातच रकमेच्या क्रमाने भरलेली होती, त्यामुळे पडद्यावरची चौथी ओळ आणि आतली चौथी ओळ दर वेळी एकच निघत असे.

आता प्रत्येक ओळीसोबत त्या खात्याचा स्वतःचा क्रमांक जातो आणि पावती त्याच क्रमांकावर होते, मग ती ओळ पडद्यावर कुठेही असो. शिवाय पावती छापण्यापूर्वी खातेदाराचे नाव आणि गाव ठळक दिसते.

थकबाकीचे आकडे उलटसुलट लागत होते, कारण आम्ही रक्कम न पाहता तिचे छापील रूप पाहत होतो. स्वल्पविरामांसह लिहिलेली रक्कम संगणकाच्या लेखी निव्वळ मजकूर असते आणि मजकुराची तुलना डावीकडून एकेक चिन्ह घेऊन होते. म्हणून आपल्या यादीत ९,५०० सर्वांत वर, त्याखाली ८५,००० आणि १,२०,००० तळाशी गेले. तारखांचेही तेच होत होते, कारण दिवस आधी लिहिल्यामुळे डिसेंबरची १ तारीख एप्रिलच्या २ तारखेच्या आधी येई. आता तुलना मूळ मूल्यांची होते. ‘एकूण’ची ओळ यादीतून काढून खाली वेगळ्या पट्टीत ठेवली आहे.

जुन्या यादीविषयी एवढेच म्हणेन की, तिच्यात नोंदी ज्या क्रमाने झाल्या त्याच क्रमाने दिसत आणि वसुलीला निघणाऱ्या आपल्या माणसाला प्रत्येक वेळी हाताने कागद तयार करावा लागे. आता आधी तारखेच्या आणि मग गावाच्या शीर्षकावर क्लिक केल्यास आसगाव, शिवोली, हणजूण अशी गावे एकेका गटात येतात आणि प्रत्येक गावात जुनी बाकी वर राहते, कारण गाव सारखे असलेल्या ओळींचा आधीचा क्रम मोडला जात नाही. तिसऱ्या क्लिकला नोंदींचा जुना क्रम परत येतो, तेव्हा ज्यांना तो हवा त्यांनी काही गमावलेले नाही. पावती होताच यादी आपोआप पुन्हा लागावी, ही आपली फोनवरील सूचना मात्र मी स्वीकारलेली नाही. ओळी आपोआप हलू लागल्या, तर बोट माऊसवर असतानाच खालची ओळ बदलेल आणि आपण नुकताच सोसलेला घोटाळा दुसऱ्या वाटेने परत येईल.

ती चुकीची पावती आपल्या दुकानात बसून दुरुस्त केली आहे आणि नवी आवृत्ती बसवल्यापासूनच्या सर्व पावत्या बँकेच्या खात्याशी ताडून पाहिल्या आहेत. ही आवृत्ती वापरणाऱ्या इतर व्यापाऱ्यांनीही तसे करावे. फोंड्याच्या आमच्या कार्यालयातून माणूस येईल, त्याचे पैसे पडणार नाहीत. आपल्याकडून यंदाचे वार्षिक शुल्क घेणार नाही.

एक उणीव आपल्या नजरेतून सुटली आहे, ती मीच सांगतो. मालाच्या यादीत ‘नळ’ हा ‘नवार’च्या आधी येतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ळ हा ल च्या लगेच नंतर आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. मराठी क्रमाचा नियम लावण्याचे काम चालू आहे. तोपर्यंत ळ असलेली नावे शोधाच्या चौकटीत टाकून पाहावीत.