दिल्लीचं काम

२०२४ च्या एप्रिलमध्ये लोकसभेच्या प्रचारासाठी आमच्या गावात देवळासमोर एक कोपरा सभा झाली. उमेदवार दोन तास उशिरा आले, हार झाले, फेटा झाला, आणि भाषण संपल्यावर कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा, असे सूत्रसंचालकाने रीतीप्रमाणे सांगितले. सहसा कोणी विचारत नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो की, यंदा साखरेची निर्यात बंद आहे, शिवाय जागतिक व्यापार संघटनेत आपल्या एफआरपीच्या, म्हणजे केंद्राने ठरवून दिलेल्या उसाच्या किमान दराच्या, विरोधात निकाल लागलेला आहे. तुम्ही निवडून गेलात तर या दोन्ही बाबतींत तुमची भूमिका काय राहील? उमेदवार क्षणभर थांबले आणि हसून म्हणाले, "मास्तर, ह्ये समदं दिल्लीचं काम हाय. तुमी पाणंद रस्त्याचं बोला." लोक हसले. तेवढ्यात मागच्या पारावरून कोणीतरी ओरडले, "मग तुमी निघालाय कुटं?" आणि मग सगळेच जास्त मोठ्याने हसले, उमेदवारसुद्धा.

त्यांचे नाव मी घेणार नाही, कारण त्या महिन्यात येऊन गेलेल्या कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराने याहून फार वेगळे उत्तर दिले असते, असे मला वाटत नाही. परराष्ट्र धोरण, युद्ध, तह आणि व्यापार हे विषय खासदाराचे नसतात, ते पंतप्रधानांचे आणि परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्यांचे असतात, अशी आपली पक्की समजूत झालेली आहे. ही समजूत किती महागात पडते हे कोल्हापूर जिल्ह्याइतके स्वच्छ दुसरीकडे कोठे दिसत असेल, याची मला शंका आहे.

उसाच्या बिलाचेच पाहा. माझ्यासमोर ते आत्ता टेबलावर आहे. वजन, दर, तोडणी-वाहतुकीची वजावट, सोसायटीची वसुली आणि उरलेली रक्कम. पहिली उचल किती, एफआरपी एकरकमी की हप्त्याने, यावरून आपल्याकडे रस्ते अडवले गेले, ट्रॅक्टरच्या चाकांतली हवा सोडली गेली, ऊस परिषदा झाल्या, आणि त्या आंदोलनातून खासदारही निवडून गेले. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३४० रुपये आणि २०२५-२६ साठी ३५५ रुपये हा दर केंद्राने ठरवला. आपल्याकडचा उतारा चांगला, म्हणून दर त्याहून वर जातो. इथपर्यंतचे गणित गावातला कोणताही शेतकरी तोंडपाठ सांगेल.

परंतु याच दरावर २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. त्यांचे म्हणणे असे की, सरकारने ठरवून दिलेला उसाचा किमान भाव हे उत्पादकाला दिलेले साहाय्य आहे आणि ते शेती करारात विकसनशील देशांना घालून दिलेल्या मर्यादेच्या, म्हणजे उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या, पलीकडे गेले आहे. १४ डिसेंबर २०२१ रोजी लवादाचा अहवाल आला आणि तो आपल्या विरोधात गेला. २०१४-१५ पासूनच्या पाचही हंगामांत मर्यादा ओलांडली गेली, आणि निर्यातीला दिलेले अनुदानही नियमबाह्य होते, असा तो निष्कर्ष होता. भारताने त्याच महिन्यात, डिसेंबर २०२१ मध्ये, अपील केले. हे अपील ज्या अपिलीय मंडळापुढे चालायचे, ते मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, कारण त्यावरच्या नेमणुका अमेरिकेने अडवून ठेवल्या आणि अपील ऐकायला लागणारे तीन सदस्यही उरले नाहीत. म्हणजे आपल्या उसाच्या दराविरुद्धचा निकाल अमलात येत नाही, याचे श्रेय दुसऱ्याच एका देशाच्या हट्टाला आहे. उद्या ते मंडळ पुन्हा चालू झाले तर काय, हा प्रश्न मी कोपरा सभेत विचारू नये तर कोठे विचारावा?

निर्यातीचे तर याहून सोपे आहे. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. १ जून २०२२ पासून निर्यात 'मुक्त' यादीतून 'प्रतिबंधित' यादीत गेली, पुढच्या हंगामात सुमारे ६० लाख टनांवर आली, २०२३-२४ मध्ये जवळजवळ थांबली आणि २०२४-२५ साठी १० लाख टनांना परवानगी मिळाली. शहरी ग्राहकाला साखर महाग होऊ नये, हा सरकारचा हेतू मला चुकीचा वाटत नाही. माझा आक्षेप एवढाच की, ज्या निर्णयाने कारखान्यांचे आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या सभासदांचे वर्षाचे आर्थिक गणित बदलते, तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या एका अधिसूचनेने होतो. त्यावर संसदेत मतदान होत नाही आणि आमचा खासदार ती अधिसूचना वर्तमानपत्रात वाचतो, आमच्याच बरोबर.

कायद्याने पाहिले तर यात काहीही गैर घडलेले नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत परराष्ट्र व्यवहार, परदेशांशी करार, युद्ध आणि शांतता, परकीय व्यापार हे सगळे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. संसदेला त्यांवर कायदा करता येतो आणि अनुच्छेद २५३ प्रमाणे करार अमलात आणण्यासाठीही करता येतो. परंतु करार करण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी असे कोठेही बंधन नाही. म्हणूनच १९९४ साली माराकेश येथे जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर भारताने सही केली तेव्हा देशभर वाद झडले, संसदेत गदारोळ झाला, पण 'मान्य आहे की नाही' असे संसदेला कोणी विचारले नाही. याउलट बांगलादेशाबरोबरच्या सीमा कराराने भारताचा भूभाग बदलत होता, त्यामुळे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली आणि लोकसभेत एकही विरोधी मत पडले नाही. जमिनीचा तुकडा द्यायचा तर संसदेला विचारावे लागते. पिकाचा बाजार द्यायचा तर लागत नाही. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने करार करण्याच्या पद्धतीवर संसदेने कायदा करावा, असे २००२ मध्ये सुचवले होते. पुढे आलेल्या कोणत्याच रंगाच्या सरकारला त्याची घाई झालेली दिसली नाही.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा की, परराष्ट्र व्यवहार गुप्ततेने आणि तातडीने करायचे असतात आणि ५४३ जणांच्या सभागृहात ते होत नसतात. वाटाघाटी चालू असताना हे मला मान्य आहे. कोणीही बाजारात आपला शेवटचा भाव आधी सांगत नाही. पण वाटाघाटी संपून मसुदा तयार झाल्यावर गुप्तता कसली? २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनबरोबर व्यापार करारावर सही झाली. तो अमलात येण्यापूर्वी ब्रिटनमध्ये संसदेपुढे ठेवला जातो, कारण तशी तरतूद तिथल्या कायद्यात आहे. आपल्या खासदाराने तशीच मागणी केली तर तो देशद्रोह ठरत नाही.

आणि मत विचारले गेले नाही तरी सभागृहाचे वजन पडते, याचा एक दाखला मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेने २००३ मध्ये इराकवर हल्ला केला तेव्हा वाजपेयी पंतप्रधान होते. एप्रिलमध्ये लोकसभेने त्या हल्ल्याविरुद्ध एकमताने ठराव केला. हिंदी मसुद्यातला 'निंदा' हा शब्द इंग्रजीत कितपत कडक ठेवायचा यावरही घासाघीस झाली होती. त्यानंतर इराकमध्ये भारतीय सैन्याची एक पूर्ण डिव्हिजन पाठवावी, अशी अमेरिकेची मागणी आली आणि जुलै २००३ मध्ये सरकारने ती नाकारली. नकारामागे इतरही कारणे होती, पण संसदेचा ठराव समोर असताना होकार देणे कोणत्याही सरकारला जड गेले असते. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचे गाव आहे. पिढ्यान् पिढ्या फौजेत माणसे दिली म्हणून त्याला हे नाव पडले. गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडची किती घरे फौजेच्या पगारावर उभी राहिली हे वेगळे सांगायला नको. ती डिव्हिजन गेली असती तर तीत आपली पोरे असती. म्हणून 'निंदा' या एका शब्दासाठी सभागृहात भांडणारा सदस्य मला पाणंद रस्ता मंजूर करून आणणाऱ्या सदस्याहून कमी उपयोगाचा वाटत नाही.

एकट्या मताचीही किंमत असते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, १४ सप्टेंबर २००१ रोजी, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने अध्यक्षांना बळाचा वापर करण्याचा अधिकार दिला. ४२० मते बाजूने पडली आणि विरोधात एक, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे. मजकूर इतका मोकळा आहे की त्याला शेवट नाही, अशी त्यांची हरकत होती. त्यांना धमक्या आल्या. पुढे वीस वर्षे त्याच मजकुराच्या आधाराने अफगाणिस्तानाबाहेरही अनेक देशांत कारवाया झाल्या. मात्र अमेरिकेची पद्धत आदर्श आहे असे मी म्हणत नाही. युद्ध पुकारण्याचा अधिकार तिथल्या घटनेने काँग्रेसला दिला आहे, पण औपचारिक युद्धघोषणा १९४२ नंतर झालेलीच नाही. आयात कर लावण्याचा अधिकारही काँग्रेसचाच आहे, तरी २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावर आधी २५ आणि मग रशियन तेलाचे कारण देऊन आणखी २५ टक्के कर अध्यक्षांनी १९७७ च्या एका आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन लावला. वापरला नाही तर अधिकार गंजतो, हे दोन्हीकडे सारखेच.

ज्यांना हे सगळे फार लांबचे वाटते त्यांनी एकदा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जाऊन यावे. १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय लोकप्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याच युद्धाने घरादारावरून उठवलेले, सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरच्या वेशीवर राहिले. बहुतेक बायका आणि मुलेच होती. त्यांच्यासाठी शाळा चालल्या, चर्च उभे राहिले. वॉर्सामध्ये आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे जाऊन फुले वाहिली. आमच्या उमेदवाराच्या सभेनंतर चारच महिन्यांनी.

त्या सभेची एक गोष्ट सांगायची राहिली. हशा ओसरला, घोषणा झाल्या, गाड्या चालू झाल्या. उमेदवार गाडीकडे जाता जाता वळून माझ्यापाशी आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "मास्तर, ते एफआरपीच्या निकालाचं काय म्हणाला तुम्ही? जरा लिहून द्या की." माझ्याकडे कागद नव्हता. त्यांच्याच प्रचारपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तीन देशांची नावे, निकालाची तारीख आणि अपिलाचा महिना लिहिला. त्यांनी तो कागद घडी घालून वरच्या खिशात ठेवला, चिन्ह आतल्या बाजूला गेले.