रिक्षाचे २६ रुपये आणि भलतीच रेषा

माझी भाची दादरला दहावीत आहे. तिच्या क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. रेषा य-अक्षाला कुठे छेदते ते ‘एका सेकंदात’ काढायचे तीन नियम त्यात आहेत: समीकरणातला सुटा आकडा हेच उत्तर, प्रत्येक रेषा य-अक्षाला छेदतेच, आणि व्यवहारातलं उदाहरण म्हणून रिक्षाचं किमान भाडं. पोरीने ते वहीत उतरवून घेतलं, तेव्हा मला राहवेना.

य = ३क्ष + ५ अशी मांडणी असेल तर उत्तर ५, एवढं मान्य. पण पेपरात २क्ष + ३य = १२ असंही येतं. नियमाने उत्तर १२. खरं उत्तर ४. य-अक्षावर क्ष शून्य असतो; क्ष च्या जागी शून्य घाला, ३य = १२ उरतं, बिंदू (०, ४). दोन ओळी वाचवायला मुलांकडून चूक पाठ करून घ्यायची?

दुसऱ्या नियमावर फार बोलत नाही. क्ष = ३ ही रेषा य-अक्षाला समांतर आहे, ती त्याला छेदेल कशी?

रिक्षाचं उदाहरण मात्र तसंच सोडून देववत नाही, कारण मुलांना तेच सगळ्यात पटतं. मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाने १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू केलेले दर असे: पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. फॉरवर्ड म्हणतो, भाडं = १७.१४ × अंतर + २६. म्हणजे दहा किलोमीटरचे १९७ रुपये ४० पैसे! वाटेत खोळंबा नसेल तर होतात १७२च्या आसपास. पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे या सूत्रात दोनदा घेतलेत.

क्ष-अक्षावर अंतर आणि य-अक्षावर भाडं घेतलं, तर दीड किलोमीटरपर्यंत आलेख २६ वर आडवा चालतो, आणि तो आडवा तुकडा य-अक्षाला २६ वर भेटतो हे खरं. पण १७.१४ ज्या रेषेचा चढ आहे ती तिरकी रेषा वेगळी. ती मागे वाढवा. दीड किलोमीटरचे त्या दराने २५.७१ होतात, २६ मधून गेले की उरतात २९ पैसे. तिचा छेद तिथे. टॅक्सीचं तर बघाच: किमान ३१, पुढे २०.६६. दीड किलोमीटरचे ३०.९९, उरला एक पैसा. रेषा जवळजवळ आरंभबिंदूतूनच जाते!

ज्यांनी हा फॉरवर्ड टाकलाय त्यांनी तो आधी काढावा, आणि पुढच्या तासाला २क्ष + ३य = १२ चा आलेख मुलांसमोर फळ्यावर काढून दाखवावा.