फाट्यावर भरलेली सभा

सह्याद्रीत दगडांवर बाण काढत फिरणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. भांडायला नाही, फक्त विचारायला, की बाबा रे, जिथे एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला दरी आणि मधे जेमतेम दोन फूट वाट आहे तिथे तू दर दहा पावलांवर बाण काढलेस, म्हणजे तिथून चुकायचं तर माणसाला पंखच हवेत, आणि वर पठारावर जिथे वाटेला तीन फाटे फुटतात तिथे नेमका तुझा रंग कसा काय संपला? बरं, एखाद्या फाट्यावर बाण असतो, नाही असं नाही. पण मग दोन असतात. एक पांढरा, एक लाल, दोघांची तोंडं दोन दिशांना. त्यातला एक किल्ल्यावर नेतो आणि दुसरा कुणीतरी कुठल्यातरी रेससाठी काढलेला असतो, रेस झाली, लोक मेडल घेऊन घरी गेले, बाण राहिला.

आम्ही पडलो मुंबईची माणसं. आम्हाला वाट शोधायची सवयच नाही, आम्हाला सगळं पाठ असतं. दादरला कुठल्या डब्यातून उतरलं की जिना बरोबर समोर येतो हे झोपेत सांगू. डिसेंबर २०२३ मधे दादरला मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले, एकचा आठ झाला, तरी लोकांचे पाय जिथे जायचे तिथेच गेले, कारण मुळात नंबर बघत कोण होतं! तर असली माणसं रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडतात, नेरळला उतरतात, पेबच्या वाटेला लागतात आणि थोड्या वेळाने कारवीच्या झुडपांत उभी राहून एकमेकांना विचारतात, डावीकडे का उजवीकडे.

पेब म्हणजे विकटगड, माथेरानच्या शेजारचा. तिथे जाऊन आलेला प्रत्येक जण आधी फोनवर सांगतो, काही नाही रे, सोप्पंय, टॉवरपाशी वळायचं. हाय टेन्शनचे टॉवर. आता हे टॉवर रांगेने उभे असतात आणि सगळे एकाच कंपासपेटीतून काढल्यासारखे दिसतात, त्यामुळे प्रत्येक टॉवर आला की आमचा मेव्हणा वळतो.

मेव्हण्याचा दोष नाही म्हणा. खरा घोळ ढोरवाटांचा. किल्ल्यावर लोक जातात शनिवार-रविवार, गुरं जातात रोज, त्यामुळे गुरांची वाट चांगली रुंद, मळलेली, आपल्या वाटेपेक्षा चकाचक. फक्त गुरांना किल्ल्यात इंटरेस्ट नसतो. त्यांना गवत हवं, पाणी हवं, ते मिळालं की वाट तिथेच हळूहळू विरून जाते आणि आपण कारवीत घुसलेले असतो. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा लोक मुद्दाम गाड्या करून बघायला जातात. आम्ही ती उरलेल्या सहा वर्षांत बघतो, आतून. त्यात पावसाळ्यात वरनं येणारं पाणीपण आपल्याच वाटेने उतरतं, म्हणजे वाट कुठली आणि ओहोळ कुठला हे कळत नाही, आणि पाऊस संपल्यावर गवत कमरेएवढं, त्यात बाण काढलेला दगडच गडप.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे वेफर्सची पाकिटं. वाईट आहे, पण आहे. बराच वेळ एकही पाकीट दिसलं नाही की समजायचं, इथे माणूस आलेला नाही. आता आमची भाची, म्हणजे मेव्हण्याची लेक, ती सोबत मोठी पिशवी घेऊन येते आणि चढताना सगळी पाकिटं गोळा करत येते. अतिशय चांगली सवय, कौतुकच आहे, पण उतरताना आमच्या सगळ्या खुणा तिच्या पिशवीत असतात.

फाटा आला की आधी कोणीच काही बोलत नाही. सगळे पाणी पितात. मग मेव्हणा सुरू करतो, "भाऊजी, डावीकडे. तो बघा किल्ला डावीकडेच दिसतोय." आता किल्ला जिकडे दिसतो तिकडे वाट जात असती तर शिवकाळात किल्ल्यांचा काही उपयोगच झाला नसता. वाट आधी उलट्या दिशेला जाते, पदरातनं, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरनं, आडवी मारते, कुठल्यातरी खिंडीत चढते आणि मग मागच्या बाजूने वर येते. हे मी त्याला समजावून सांगतो, तोवर बायको म्हणते, "दादा, मागच्या वेळीपण तू डावीकडेच म्हणाला होतास." तो म्हणतो, तो डोंगर वेगळा होता. एवढ्यात ऑफिसमधला मित्र "थांबा, मी जरा पुढे जाऊन बघून येतो" असं म्हणून निघूनसुद्धा गेलेला असतो, म्हणजे आता दोन गोष्टी शोधायच्या, वाट आणि तो. मग हाका. ओऽऽ म्हटलं की ओऽऽ येतं, आम्ही खूश, आला म्हणून, आणि नंतर कळतं समोरचा कडा ओ देत होता.

मोबाईल आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते थेट सॅटेलाइटवरनं चालतं, पण नकाशा मात्र घरूनच डाउनलोड करून न्यावा लागतो आणि ते ग्रुपमधे प्रत्येकाच्या मते दुसऱ्या कोणीतरी केलेलं असतं. मग स्क्रीनवर नुसते करडे चौकोन आणि मधोमध निळा ठिपका. म्हणजे आपण कुठे आहोत ते अगदी अचूक कळतं, फक्त ते ठिकाण कुठे आहे ते कळत नाही. आणि नकाशा असला तरी सह्याद्री त्याला पुरून उरतो. एकदा मेव्हणा ओरडला, किल्ला फक्त ८० मीटर! बरोबर होतं त्याचं. आम्ही कड्याच्या खाली होतो आणि किल्ला डोक्यावर.

तर ह्यावर उपाय म्हणून ऑफिसच्या मित्राने एकदा कुणा अनोळखी ट्रेकरने रेकॉर्ड केलेला ट्रॅक डाउनलोड करून आणला. निळी रेघ, तिच्यावरनं चालायचं, डोकं वापरायचं नाही. सुरुवात इतकी झकास झाली की फाट्यावर सभासुद्धा भरली नाही. रेघ डावीकडे, आम्ही डावीकडे. मग रेघ ओढ्यात उतरली, आम्ही उतरलो. रेघ ओढ्यातनं बाहेर आली, काटेरी झुडपात गेली, तिथे एक गोल चक्कर मारून परत ओढ्यात आली, आम्हीपण ओरबाडे काढत चक्कर मारून परत आलो, मित्र म्हणे कड्याला बगल द्यायची असेल. मग रेघ एका झाडामागे गेली, दोन मिनिटं थांबली आणि परत आली. तिथे बायको म्हणाली, हा माणूस इथे कशासाठी आला होता ते मला कळलंय, आता पुढे बघा. पुढे काय, रेघ आली तशी परत त्याच फाट्यावर येऊन उजवीकडे गेली. तो बिचारा स्वतःच चुकला होता आणि त्याने आपलं चुकणं इमानेइतबारे रेकॉर्ड करून जगासाठी अपलोड केलं होतं, आणि आम्ही त्याची एकूण एक चूक न चुकता केली.

अशा वेळी शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे फिरायचं, हे ट्रेक करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. फिरत कोणी नाही. इतकं चढून आलोय, आता वाट पुढेच लागेल, असं म्हणत माणसं अजून चढतात, म्हणजे नंतर अजून उतरायला लागतं.

मधेच एखादे मामा भेटतात. खांद्यावर लाकडाची मोळी, पायात स्लीपर, आणि आम्ही चारचार हजारांचे बूट घालून धापा टाकतोय.

"मामा, किल्ल्याची वाट हीच ना?"

"हीच की. सरळ जा. वाट सोडू नका."

मामा कधीच चुकीचं सांगत नाहीत. त्यांना ते फाटे दिसतच नाहीत, आपण आपल्या घरातल्या घरात बेडरूमकडे जाताना किचनचा फाटा धरत नाही तसं. खरं तर गावातलाच एक जण बरोबर घ्यावा, त्यालाही दोन पैसे मिळतात, पण मेव्हण्याच्या मते त्यात थ्रिल जातं.

मला विचाराल तर महाराष्ट्रात एकच फाटा न्यायी आहे, भीमाशंकरला खांडसवरनं जाताना लागतो तो. एक वाट गणेश घाटाची, दुसरी शिडी घाटाची, आणि दोन्ही वर जाऊन एकत्र येतात. म्हणजे कोणीही जिंकलं तरी सगळेच भीमाशंकरला. अर्थात शिडी घाटात खरोखर लोखंडी शिड्या आहेत, पावसात तिथे कातळ निसरडा होतो आणि तिथे विनोद सुचत नाहीत, त्यामुळे आम्ही गणेश घाटाने लांबचा वळसा घेतो आणि मेव्हणा वरपर्यंत कुरकुरतो.

चढणं तरी बरं. चढताना डोंगराच्या सोंडा वर जाऊन एकमेकींना मिळतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी माथा चुकत नाही. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात, एक पाऊल चुकलं की भलत्याच गावात. आणि बाण सगळे येणाऱ्याला दिसतील असे काढलेले, जाणाऱ्याला दगडाची नुसती पाठ. म्हणून बायको चढताना प्रत्येक फाट्यावर थांबून फोटो काढते, कितीही घाई असली तरी. आम्ही आधी हसायचो.

पेबवरनं उतरताना त्या फोटोंची वेळ आली. तीन वाटा, तिन्ही खालीच जाणाऱ्या, ऊन कललेलं. बायकोने शांतपणे फोन काढला, बरोबर फाट्याचा फोटो उघडला, आम्ही सगळे तिच्या डोक्यावर ओणवे झालो. फोटोत दगड होता, दगडावर बाण होता आणि बाणाच्या बरोबर समोर कमरेवर हात ठेवून मेव्हणा उभा होता. झूम केल्यावर त्याच्या काखेतनं थोडासा पांढरा रंग दिसला. बस.

मग काय, मेव्हण्याला त्याच पोझमधे एकेका दगडासमोर उभं करायला सुरुवात केली. भाची फोटो हातात धरून डायरेक्टरगिरी करत होती, "बाबा, जरा डावीकडे, हनुवटी वर, पोट तेव्हा आत होतं." दोनतीन दगड बाद झाले, मग एका ठिकाणी मागचं झाड, पुढचा खड्डा आणि मेव्हणा असं सगळं जुळलं. तो बाजूला झाला, मागे बाण. बाणाचं टोक वर किल्ल्याकडे, म्हणजे शेपूट असेल ती आपली वाट. शेपटाच्या दिशेने खाली निघालो, वीसेक मिनिटांत टॉवर दिसला, ह्या वेळी खरंच हवा तो.

"बघा," मेव्हणा म्हणाला, "मी उभा होतो म्हणून दगड सापडला."