नदीच्या अलीकडे, पलीकडे आणि कनेटिकट

मॅनहॅटनमध्ये नोकरी लागली की माणसाला पहिले दोन दिवस फक्त पगाराचा आकडा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी भाड्याचा. चौथ्या दिवशी फोन येतो. "काका, न्यू जर्सी बरं पडेल की न्यू यॉर्कच? कोणीतरी कनेटिकटही म्हणत होतं." विचारणाऱ्याच्या मनात राज्य म्हणजे सांगून आलेलं स्थळ असतं. पत्रिका जुळली की झालं! इथे मानपान तिन्ही घरचे मागतात. कोणी पगारातून काढून घेतं, कोणी घरातून, कोणी गाडीतून.

सगळ्यात लाडका गैरसमज असा, की हडसन नदी ओलांडून जर्सीत राहिलं म्हणजे न्यू यॉर्कचा कर चुकतो. नाही चुकत. ऑफिस मॅनहॅटनमध्ये असेल तर पगारातून न्यू यॉर्क राज्याचाच कर कापला जातो. मग एप्रिलमध्ये आधी न्यू यॉर्कचा अनिवाशांसाठीचा आयटी-२०३ भरायचा, नंतर न्यू जर्सीचा एनजे-१०४०, आणि त्याला जोडून दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराची सूट मागणारं एनजे-सीओजे नावाचं परिशिष्ट. क्रम उलटा करून चालत नाही, कारण सवलतीचा आकडा पहिल्या फॉर्मातून उचलायचा असतो. जर्सी ही सूट मोठ्या मनाने देते, पण स्वतःच्या दराइतकीच. न्यू यॉर्कचा दर बहुतेकांना जास्त पडतो, तो वरचा फरक गेला तो गेलाच.

त्यात नवराबायकोचं विवरणपत्र एकत्र असेल आणि एकाची नोकरी प्रिन्स्टनला असेल, तर न्यू यॉर्क त्या जर्सीतल्या पगारावर कर लावत नाही, पण तो धरून तुमचा दर ठरवतं. जेवायला बोलावलेलं नसताना पान मात्र मोजायचं, असा हा हिशोब. उलट बँकेचं व्याज आणि डिव्हिडंड यांवर जर्सीचा हक्क, पण ते कुणी आधी कापत नाही. वर्षाअखेर जर्सीचं देणं चारशे डॉलरच्या वर जाणार असेल तर दर तिमाहीला अंदाजे कर भरावा लागतो. हे बहुतेकांना दंडाचं पत्र आल्यावर कळतं.

"पण मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो!" यावरही न्यू यॉर्कचं उत्तर तयार आहे. घरून काम ही तुमची सोय आहे, मालकाची गरज नव्हे, म्हणून तो दिवस न्यू यॉर्कचाच. जर्सीतल्या एडिसन गावी स्वयंपाकघरात पायजम्यात बसून मीटिंग करणारा गृहस्थ कराच्या दृष्टीने सबंध दिवस मॅनहॅटनमध्ये असतो. जर्सीने वैतागून २०२३ मध्ये स्वतःही तसाच नियम काढला, असा नियम असलेल्या राज्यांच्या रहिवाशांपुरता. दोन जावांच्या भांडणात भांडी आपटतात ती आपली.

खरी बचत एकाच ठिकाणी आहे: न्यू यॉर्क शहराचा स्वतःचा प्राप्तिकर. तो फक्त शहराच्या रहिवाशांना लागतो, ३.०७८ ते ३.८७६ टक्के. बाहेरून येणाऱ्यांवरही पूर्वी एक छोटा कर होता, तो १९९९ मध्ये गेला. दीड लाख डॉलर करपात्र उत्पन्न असलेल्या जोडप्याचे शहराबाहेर राहून वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास वाचतात. हे ऐकून माणूस खूश होतो आणि त्या खुशीत जर्सीत घर घेतो.

तिथे घरपट्टी भेटते. जर्सीतली सरासरी घरपट्टी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात आहे, सबंध देशात सर्वांत चढी म्हणून ती प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या एक तारखेला हप्ता. पहिले दोन हप्ते अंदाजाने ठरवलेले असतात, खरा दर ऑगस्टच्या बिलात उतरतो, म्हणून जर्सीतल्या माणसाचा चेहरा जुलैअखेर जरा ओढलेला दिसतो. यातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो. मुलं शाळेत असेपर्यंत हे दुखत नाही. मुलं कॉलेजात गेली की एकाएकी सगळ्यांना फ्लोरिडाची हवा मानवू लागते.

शहराबाहेर पण न्यू यॉर्क राज्यातच राहू म्हणणाऱ्यांनी यॉन्कर्सचं नाव लक्षात ठेवावं. शहरातल्या ब्राँक्सला लागून आहे, भाडं जरा बरं, आणि त्या गावाचा स्वतःचा प्राप्तिकर आहे: राज्याला द्यायच्या कराच्या १६.७५ टक्के. चार पावलं पुढे गेलात तर हा कर नाही. अशी गावं नकाशात वेगळ्या रंगाने का दाखवत नाहीत, कोण जाणे.

आता गाडीकडे येऊ, कारण माझ्या मते राज्य निवडायचंच नसतं, आगगाडी निवडायची असते. पहिला प्रश्न असा: ऑफिस कुठल्या अॅव्हेन्यूवर? जर्सीच्या गाड्या पश्चिमेला पेन स्टेशनात उतरवतात. मेट्रो-नॉर्थ, म्हणजे शहराच्या उत्तरेचं वेस्टचेस्टर आणि कनेटिकट यांची गाडी, पूर्वेला ग्रँड सेंट्रलमध्ये. ऑफिस पार्क अॅव्हेन्यूला असेल आणि तुम्ही एडिसनहून येत असाल, तर पन्नासेक मिनिटांच्या गाडीपुढे सबवेची वीस मिनिटं वाढवा. ऑफिस वॉल स्ट्रीटकडे असेल तर जर्सी सिटीतून पाथ नावाच्या गाडीने थेट वर्ल्ड ट्रेड सेंटर. ती गाडी काही मिनिटांची आहे, तिथलं भाडं मात्र मॅनहॅटनच्या वळणावर गेलं आहे. लाँग आयलंडवाल्यांना जानेवारी २०२३ पासून पेन आणि ग्रँड सेंट्रल अशी दोन्ही स्टेशनं मिळाली, फक्त ग्रँड सेंट्रलचे त्यांचे फलाट इतके खोल आहेत की सरकत्या जिन्यावर एक अख्खा फोन उरकतो.

जर्सीच्या गाडीची गोम नदीखाली आहे. पेन स्टेशनात शिरायला हडसनखाली दोनच नळ्या, एकेक रुळाच्या, १९१० सालच्या. २०१२ च्या सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं, त्याचं दुखणं अजून निघतं. त्याआधी वाटेत हॅकेन्सॅक नदीवरचा पोर्टल ब्रिज, तोही १९१० चाच. होड्यांसाठी आडवा फिरणारा हा पूल कधीकधी परत जागेवर बसायचाच नाही, मग माणसं घण घेऊन जात आणि ठोकून बसवत. हे सगळं जगाच्या आर्थिक राजधानीच्या दारात! शेजारी नवा पूल बांधला आहे, पण पुढचा बोगदा जुनाच. म्हणून एक गाडी अडकली की मागची सगळी रांग अडकते, आणि संध्याकाळी पेन स्टेशनात हजारभर लोक मान वर करून फलाटाचा क्रमांक उमटायची वाट बघत उभे राहतात. तो गाडीच्या दहाएक मिनिटं आधी उमटतो. मग दादरला स्लो लोकल अचानक दुसऱ्या फलाटावर आणल्यासारखी धावाधाव.

ब्रिजवॉटरच्या बाजूला देऊळ जवळ म्हणून घर बघत असाल तर हे माहीत असू द्या: रॅरिटन व्हॅलीच्या गाडीने गर्दीच्या वेळी नेवार्कला उतरून गाडी बदलावी लागते. बदल म्हणजे फक्त पाच मिनिटं, असं घर विकणारे सांगतात. पहिली गाडी वेळेवर आली तर पाच.

स्वतःची गाडी नेण्याचा विचार सोडा. बोगद्याचा टोल शहरात शिरताना लागतो, बाहेर पडताना नाही. शिवाय जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला शिरायचे दिवसा नऊ डॉलर. त्यापुढे पार्किंग, त्याबद्दल बोलवत नाही.

कनेटिकट तब्येतीने शांत आहे. स्टॅमफर्डहून फास्ट गाडी तासाच्या आत पोचवते, झाडं सुंदर, आणि मोटारीवर दरवर्षी मालमत्ता कर. हो, घरासारखा मोटारीवर. एक ऑक्टोबरला मोटार ज्या गावात असेल ते गाव तो लावतं, प्रत्येक गावाचा दर वेगळा. एकच मोटार ग्रिनिचमध्ये स्वस्त आणि स्टॅमफर्डमध्ये महाग. इडली-डोशाचं पीठ मिळतं, पण एडिसनच्या देशी बाजारासारखं, म्हणजे ओक ट्री रोडसारखं, रात्री नऊला शेपू, ताजी अळूची पानं आणि चितळ्यांची बाकरवडी एका फेरीत मिळेल ही आशा नको.

बाकीच्या गमती जर्सीच्याच. पेट्रोल स्वतः भरायला इथे १९४९ पासून कायद्याने बंदी. परिणाम असा, की वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस पेनसिल्वेनियाच्या पंपावर खाली न उतरता कुणीतरी यायची वाट बघत बसतो. कपड्यांवर विक्रीकर नाही, पण बर्गन काउंटीत रविवारी कपडे विकायलाच मनाई, तिथल्या पॅरामसचे मॉल त्या दिवशी सुने. डावीकडे वळायचं तर पुष्कळ चौकांत आधी उजवीकडून बाहेर पडून गोल फिरून यावं लागतं. जीपीएसची बाई बिघडलेली नाही, मुकाट्याने ऐका.

आणि घर बघायला गेलात की ओट्याच्या दगडाबद्दल नंतर विचारा. आधी विचारा, स्टेशनच्या पार्किंगचं परमिट फक्त गावच्या रहिवाशांना आहे का आणि प्रतीक्षा यादी किती लांब आहे. काही गावांत ती वर्षानुवर्षांची असते. नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणून घराच्या किल्ल्या मिळतील त्याच दिवशी, सोफा यायच्या आधी, अर्ज टाकायचा. तोवर रोज कुणीतरी स्टेशनवर सोडायला हवं. सोडणाऱ्याची नोकरीही न्यू यॉर्कची असेल आणि तो त्या दिवशी घरून काम करत असेल, तर मात्र कायद्याने तो तुमच्या आधीच मॅनहॅटनला पोचलेला असतो.