गाण्याची वाटणी

परवा नागपूरच्या सदर भागातल्या एका कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानासमोर मी माझ्याच व्हॅनच्या दाराला टेकून उभा होतो, तर एका काकांनी विचारलं, “मालक कुठी गेले?”

“मीच मालक.”

“तसं नाही, गाडीचे.”

“गाडीचाच.”

काकांनी मला खालून वर न्याहाळलं. मग मागे रचलेल्या वाळ्याच्या ताट्या, कूलरचे पंप, जळक्या मोटारी न्याहाळल्या. पटलं काहीच नाही, पण त्यांनी खर्र्याची पुडी सोडली. म्हणजे मुक्काम लांबणार. त्यांच्या मुलाच्या गाडीला रिव्हर्स कॅमेरा बसत होता, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मी कूलर दुरुस्त करतो. नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकला की माणूस देवाच्या आधी कूलरवाल्याला फोन करतो, त्यामुळे उन्हाळाभर माझं घर म्हणजे ही व्हॅन. इंजिन थेट सीटखाली. कंपनीचे कागदी स्पीकर असे, की बातम्या लागल्यात की भावगीत, हे सिग्नलवर गाडी थांबल्यावर कळायचं. म्हणून साडेतीन हजारांचा कंपोनंट सेट घेतला.

“हे काय बसवून राहिले?”

“कंपोनंट स्पीकर. जाडा आवाज दारातल्या वूफरमधून, बारीक आवाज वर काचेजवळच्या ट्वीटरमधून. हा डबा क्रॉसओव्हर. कोणता आवाज कुठे जाईल ते हा ठरवतो.”

काकांनी डबा हातात घेऊन हलवून पाहिला. “म्हंजे एकाच गाण्याची वाटणी?”

“तसंच काहीसं.”

“नोका करू, भाऊ.” खर्रा या गालातून त्या गालात गेला. “आमच्या घरी वाटणी झाली. थोरल्याले खालचा मजला, मले वरचा. आता तो खाली खोकलला तं मी वर मुद्दाम टीव्ही लावतो. तुमच्या गाडीत तेच होईन. हा खालचा अन् तो वरचा एकमेकाले ओळख देणार नाही, पाहून घ्या.”

“काका, हे मशीन आहे.”

“आमचा वकीलही हेच म्हणे, सगळं कागदावर हाय. काऊन बे, बरोबर हाय ना?” हे दुकानातल्या पोराला. पोराने मान डोलावली. मी पैसे देणार होतो, आणि मान काकांसाठी डोलत होती. “अन् इंजिन बुडाखाली धडधडून राहिलं, गाणं दारात. मंग ऐकतं कोण? इतक्यात तं एक कूलर आला असता.”

कूलरवाल्याला कूलर घ्यायचा सल्ला!

स्पीकर निवडतानाही दुकानदाराने मला असंच उडवून लावलं होतं. खोक्यावर ठळक ३०० वॅट, आणि कोपऱ्यात भिंग लागेल अशा अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत पेलवणारी खरी ताकद, ५०. स्टिरिओवरच्या ‘५० गुणिले ४’ची, म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी पन्नास वॅटची, तीच गत, प्रत्यक्षात दर स्पीकरला पंधरा-वीस वॅट मिळाले तरी खूप. त्यामुळे आपण सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो, ते बघावं: ३ डेसिबल जास्त असेल तर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज. मी एवढंच विचारलं, तर उत्तर आलं, “भाऊ, मालाच्या गाडीत काय करता डेसिबल?” शेजारच्या पांढऱ्या एसयूव्हीवाल्याला त्याच माणसाने खुर्ची दिली, चहा मागवला, आणि डॅम्पिंग शीट लावल्याने दाराचा पत्रा कसा झणझणत नाही, हे दार ठोकून ठोकून दाखवलं. माझं दार पातळ पत्र्याचं, शीटची खरी गरज मला. मला कोणी विचारलंही नाही.

असो. बसवून झालं, गाणं लावलं. ट्वीटर छान. तबल्याची थाप मात्र गायब. चाटीचा टणत्कार तेवढा राहिला. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला की बायां घुमायचा. उजवीकडे नेला तरी घुमायचा. मध्ये आणला की गप्प.

“एका बाजूच्या वायरी उलट्या लागल्यात,” मी म्हणालो.

“मालाच्या गाडीत बास येतच नाही, भाऊ,” पोरगा म्हणाला.

आणि काका! त्यांना प्लस-मायनस कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण चेहऱ्यावर समाधान मावेना. “म्हटलं नव्हतं? भाऊबंदकी!”

चीड याची येते, की एका अर्थी म्हातारा बरोबर होता. एका दारातल्या वूफरचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई, आणि दोघं मिळून बास खाऊन टाकत. घरी आल्यावर भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला, वूफरच्या वायरी क्रॉसओव्हरच्या टोकाला सोडवून वायरीच्या प्लसला सेलचा प्लस, मायनसला मायनस टेकवला. डावा पडदा टुपकन बाहेर आला, उजवा आत गेला. उजव्याच्या वायरी अदलाबदल केल्या. पाच मिनिटांचं काम. बसवायचे सहाशे रुपये मात्र दुकानदाराकडेच.

आता तबला तबल्यासारखा वाजतो. काल मनीष नगरात एका काकूंच्या घरासमोर गाडी थांबवली, कडवं संपेपर्यंत दोन क्षण बसलो. काकू गॅलरीतूनच ऐकत होत्या. पंप बदलून बिल सांगितलं तर म्हणाल्या, “गाडीत एवढे भारी स्पीकर लावायला पैसे आहेत, अन् आम्हाला शंभर कमी करायला जिवावर येते?”

केले कमी. आता ग्राहकाच्या गल्लीत वळायच्या आधीच आवाज बंद करतो.