मीटरवरचं शून्य आणि 5.8 सामू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डिस्टिल्ड वॉटर (पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून मिळवलेलं पाणी) बनवण्याबद्दल मी जे लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) मीटर 0 दाखवतो म्हणजे डिस्टिल्ड वॉटर शुद्धच आहे, मग 'पहिला भाग टाकून द्या' हा सोपस्कार कशाला? आणि पाणी एवढं शुद्ध आहे तर सामू (पीएच) 7 ऐवजी 5.8 का येतो?

दुसऱ्या मुद्द्यात चूक माझी. 'शुद्ध पाण्याचा सामू 7' असं मी सरसकट लिहिलं. '25 अंश सेल्सिअसला आणि हवा न लागलेल्या' हे शब्द राहून गेले. उघड्या भांड्यातलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतं, त्याचं थोडं कार्बनिक आम्ल बनतं आणि सामू 5.6 ते 5.7 पर्यंत उतरतो. म्हणजे तुमचा 5.8 अगदी अपेक्षेतला आहे. हे आम्ल नाममात्र असतं: लिटरभर पाण्यात पाचएक मिलिग्रॅम खाण्याचा सोडा घातला तरी सामू 7 च्या आसपास येतो. शिवाय आयनच (विद्युतभार असलेले कण) नसलेल्या पाण्यात पीएच मीटरचा काटा एका जागी ठरत नाही, आकडा सरकत राहतो. मोजायचंच असेल तर 100 मिलिलिटरमध्ये पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण 0.3 मिलिलिटर घाला, मग मोजा.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. टीडीएस मीटर विरघळलेले पदार्थ मोजत नाही. तो वाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते) मोजतो आणि तिला 0.5 ते 0.7 च्या दरम्यानच्या एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. निव्वळ पाण्याची वाहकता 25 अंशांना 0.055 मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर, हवा लागलेल्या डिस्टिल्ड वॉटरची सुमारे 1. अठरापट फरक, पण एकेकाच्या पायरीने आकडे दाखवणारा मीटर दोन्हीकडे 0 किंवा फार तर 1 म्हणेल. ज्यांचे आयन होत नाहीत ते पदार्थ तर त्याला दिसतच नाहीत. घरीच बघा: 100 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 1 ग्रॅम शुभ्र साखर विरघळवा. लिटरला 10,000 मिलिग्रॅम पदार्थ झाला, मीटर जेमतेम हलेल.

आणि ऊर्ध्वपातनात (डिस्टिलेशनमध्ये) नेमके असेच पदार्थ निसटतात. क्षार उडत नाहीत म्हणून मागे राहतात, हे खरं. पण क्लोरिनने शुद्ध केलेल्या पाण्यात थोडा क्लोरोफॉर्म असू शकतो. तो 61 अंशांनाच उकळतो, वाफेबरोबर सगळ्यात आधी निघतो आणि वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमधून बाटलीत येतो. अमोनियाचंही तेच. म्हणून सुरुवातीचा दहावा हिस्सा टाकायचा. शेवटचा पाचवा हिस्सा फ्लास्कमध्येच ठेवायचा, कारण आटत आलेल्या पाण्यात क्षार दाट होतात, फेस येतो आणि बारीक थेंब वाफेबरोबर पलीकडे जातात. एरवीही फ्लास्क अर्ध्याहून जास्त भरू नये आणि आच मोठी ठेवू नये. थेंब पलीकडे जाण्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

याहून शुद्ध हवं असेल तर दोनदा ऊर्ध्वपातन करा: पहिल्या वेळी अल्कली आणि थोडं पोटॅशियम परमँगनेट घालून, म्हणजे सेंद्रिय पदार्थांचं ऑक्सिडीकरण होतं, दुसऱ्या वेळी किंचित आम्ल घालून, म्हणजे अमोनिया न उडणाऱ्या अमोनियमच्या रूपात खाली अडकतो. क्रम उलटा करू नका, अल्कलीत अमोनिया मोकळा सुटतो.

'डीआयनाइज्ड म्हणजे तेच' असंही तुम्ही जाता जाता म्हटलंय. तेच नाही. डीआयनाइज्ड पाणी रेझिनच्या दाण्यांतून गाळतात आणि रेझिन फक्त आयन पकडतं. साखरेसारखे पदार्थ आणि जिवाणू त्यातून पार होतात, जुन्या रेझिनवर तर जिवाणू वाढतातही.

साध्या प्रयोगशाळेच्या कामाला एवढं सगळं लागत नाही. आयएसओ 3696 या प्रयोगशाळेच्या पाण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात तिसऱ्या प्रतीच्या पाण्याला 5 मायक्रोसिमेन्सपर्यंत मुभा आहे, पहिल्या प्रतीला 0.1. तुमचं पाणी तिसरीच्या मर्यादेत आरामात बसेल. ते बोरोसिलिकेट काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. साध्या काचेतून सोडियम हळूहळू पाण्यात उतरतो. आणि पुढच्या वेळी टीडीएसऐवजी 0.1 मायक्रोसिमेन्सपर्यंत वाचणारा वाहकता मीटर वापरा, बाटली उघडल्याबरोबर.