गेटबाहेर बसलेली आई

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाच्यानं टीव्ही फोडला, मग स्वतःचं डोकं भिंतीवर आपटू लागला. शेजारचे म्हणाले, बाहेरचं आहे, भगताकडे न्या. भाऊजींनी कुणाकडून तरी नंबर मिळवला आणि रात्री अकराला एका 'व्यसनमुक्ती केंद्रा'ची बोलेरो दारात उभी. पोरगा सोळाचा. व्यसन म्हणाल तर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, तोही चोरून. महिन्याचे आठ हजार, आगाऊ.

तिसऱ्या दिवशी ताई डबा घेऊन गेली. गेटवरचा म्हणे, पंधरा दिवस भेट नाही, नियम आहे. "माह्या पोराले एकडाव पाहू द्या न जी." चार वाजेपर्यंत निंबाखाली बसली. आलूची भाजी नि पोळ्या तशाच घरी परत.

आत पोराचं टक्कल केलेलं. बापाच्या वयाच्या दारुड्यांसोबत एकाच हॉलमध्ये निजवायचे. संडासाला कडी नाही. हे सगळं त्यानं नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं.

मग मी मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 काढून वाचला. अठराच्या आतलं लेकरू भरती करायचं तर दोघा तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायला हवं, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं. 72 तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. आणि पालक किंवा त्यानं नेमलेलं माणूस पूर्ण काळ लेकराजवळ राहिलंच पाहिजे. म्हणजे ताईला गेटबाहेर ठेवणारा 'नियम' कायद्याच्या बरोबर उलटा होता! नोंदणी न करता केंद्र चालवलं तर पहिल्या वेळी दंड 5 हजार ते 50 हजार. आमच्या एका पोराची महिन्याची फीसुद्धा खालच्या दंडापेक्षा जास्त. कोण भिईल?

भाऊजींना मी दोष देत नाही. रात्री अकराला ते नेणार कुठं? आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ नाही. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला, गाडीभाडंच चार हजार. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 2022 पासून आहे, फुकट आहे, लिहून ठेवा. आम्हाला माहीत नव्हता. पण फोनवर धीर मिळतो, खाट मिळत नाही.

म्हणून नुसती केंद्रं बंद करा असं मी म्हणणार नाही. बंद केली तर लोक पुन्हा भगताकडेच जातील. जिल्हा रुग्णालयात पोरांसाठी चार खाटांची वेगळी खोली द्या, प्रत्येक खाटेजवळ आईला बसायला खुर्ची. आणि तपासणीला न सांगता जा, सांगून गेलं की त्या दिवशी कडीही लागते.

सोमवारी तसा अर्ज दिला. बाबूनं दोनदा विचारलं, पोरगा तुमचा कोण? पोच घेऊनच उठलो.